ओहमच्या नियमाने विद्युतधारा कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीचे विद्यार्थी, आयटीआय किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मुलं, घरी ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता परिपथ जोडायची छिद्रांची पाटी) घेऊन बसणारे हौशी आणि त्यांना शिकवणारे पालक-शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. गाडी अडते ती कोणतं व्होल्टेज कोणत्या रोधाने (धारेला होणाऱ्या अडथळ्याने) भागायचं इथे. म्हणून बहुतेक उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतील.

ओहमचा नियम नेमका काय सांगतो?

वाहकाची भौतिक अवस्था, म्हणजे लांबी, जाडी, पदार्थ आणि तापमान, कायम असेल तर त्यातून जाणारी धारा त्या वाहकाच्या दोन टोकांमधल्या विभवांतराच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, प्रमाणात असते. हिशेबासाठी:

धारा = विभवांतर ÷ रोध

विभवांतर व्होल्टमध्ये आणि रोध ओहममध्ये घेतला की धारा अँपिअरमध्ये मिळते. ९ व्होल्टच्या बॅटरीला ४५० ओहमचा एकच रोधक जोडला तर ९ ÷ ४५० = ०.०२ अँपिअर, म्हणजे २० मिलिअँपिअर.

यात एक अट आहे, आणि ती सूत्रात लिहिलेली दिसत नाही. तिन्ही राशी एकाच भागाच्या हव्यात. एका रोधकाचा रोध घेतला तर विभवांतरही त्याच रोधकाच्या दोन टोकांमधलं घ्यायचं. पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज घेतलं तर रोधही पूर्ण परिपथाचा घ्यायचा. माझ्या पाहण्यात चुकलेल्या दहा गणितांपैकी बहुतेक याच ठिकाणी चुकलेली असतात: बॅटरीचे ९ व्होल्ट घेतले आणि तीन रोधकांपैकी एकाच्याच रोधाने भागले.

बॅटरीवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, मग किती अँपिअर हे का लिहीत नाहीत?

कारण धारा एकट्या बॅटरीच्या हातात नसते. तीच बॅटरी १० किलोओहमला जोडली तर ०.९ मिलिअँपिअर देते, ४५० ओहमला जोडली तर २० मिलिअँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असं छापलेलं असतं, त्यातले २ अँपिअर ही कमाल मर्यादा आहे. चार्जर फोनमध्ये २ अँपिअर जबरदस्तीने घुसवत नाही. म्हणूनच फोनला लागते त्याहून जास्त अँपिअरचा, पण त्याच व्होल्टेजचा चांगला चार्जर लावला तर फोन जळत नाही. व्होल्टेज चुकीचं असेल तर मात्र जळू शकतो.

एकसर जोडणीत धारा कशी काढायची?

एकसर म्हणजे रोधक एकापुढे एक, एकाच वाटेवर. सगळे रोध बेरजेत घ्या आणि त्या बेरजेने बॅटरीच्या व्होल्टेजला भागा. ९ व्होल्टवर १००, २२० आणि ४७० ओहम एकसर असतील तर एकूण ७९० ओहम, धारा ९ ÷ ७९० = ०.०११४ अँपिअर. हीच ११.४ मिलिअँपिअर धारा तिन्ही रोधकांतून जाते.

आता प्रत्येकाचं विभवांतर काढा. १०० ओहमवर १.१४ व्होल्ट, २२० वर २.५१ आणि ४७० वर ५.३५. तिन्हींची बेरीज ९ व्होल्ट यायलाच हवी, आणि येते. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं गेलं आहे, हे या आकड्यांकडे पाहूनच कळतं.

पहिल्या रोधकात थोडी धारा संपते का? पुढच्याला कमी मिळते का?

नाही. धारा म्हणजे दर सेकंदाला वाहणारा विद्युतप्रभार, आणि प्रभार वाटेत नाहीसा होत नाही. एका टोकाने जितका आत गेला तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. रोधकात जे खर्च होतं ती ऊर्जा. ती उष्णता होऊन बाहेर पडते आणि तिचा हिशेब व्होल्टेजच्या घटीत दिसतो.

यातूनच एक नेहमीचा प्रश्न सुटतो: एलईडीचा रोधक आधी लावायचा की नंतर? कुठेही लावा. एकसर मार्गात तो कुठेही असला तरी धारा तीच राहते.

समांतर जोडणीत?

इथे सगळे रोधक त्याच दोन बिंदूंमध्ये वेगवेगळ्या फांद्यांसारखे जोडलेले असतात. प्रत्येक फांदीला पूर्ण विभवांतर मिळतं, त्यामुळे प्रत्येक फांदीची धारा स्वतंत्रपणे काढून शेवटी बेरीज करणं सगळ्यात सोपं. १२ व्होल्टवर ६ ओहम आणि ४ ओहम समांतर असतील तर एका फांदीत २ अँपिअर, दुसरीत ३ अँपिअर, बॅटरीतून ५ अँपिअर. परिणामी रोध हवा असेल तर १२ ÷ ५ = २.४ ओहम. व्यस्तांकांच्या बेरजेचं सूत्र वापरूनही हेच येतं.

गुणाकार भागिले बेरीज हे सोपं सूत्र फक्त दोन रोधकांसाठी आहे. तीन रोधकांना एकदम लावलं तर उत्तर चुकतं. आधी दोघांचं काढा, मग त्या उत्तराला तिसऱ्यासोबत घ्या. सारखे रोधक असतील तर एकाच्या रोधाला संख्येने भागा.

आणि समांतर जोडणीचा परिणामी रोध त्यातल्या सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी असतो. उत्तर त्याहून मोठं आलं तर तिथेच थांबा आणि पुन्हा मांडा. बहुतेक वेळा शेवटचा व्यस्तांक उलटा करायचा राहून गेलेला असतो.

घरातली जोडणी समांतर असते, याचा हिशेबात कुठे फरक पडतो?

एक्स्टेंशन बोर्डवर. त्याच्या प्रत्येक सॉकेटला २३० व्होल्ट मिळतात, आणि प्रत्येक उपकरण आपली धारा वेगळी ओढतं. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर घेते, १५०० वॉटची किटली ६.५ अँपिअर. दोन्ही एका बोर्डवर लावल्या तर बोर्डच्या वायरमधून जवळजवळ ११ अँपिअर जातात. ६ अँपिअरच्या प्लगच्या साध्या बोर्डसाठी हे धोक्याचं आहे. वायर तापते, तिचं वेष्टण मऊ होतं, आग लागू शकते. नवीन उपकरण जोडल्याने एकूण रोध कमी होतो आणि धारा वाढते, हे समांतर जोडणीच्या सूत्रातून समजलं तर घरच्या वायरिंगकडे पाहण्याची नजरच बदलते. दहावीच्या मुलांना मी हे गणित आवर्जून करायला सांगते.

एकसर आणि समांतर एकत्र असेल तर सुरुवात कुठून करायची?

बॅटरीपासून सर्वांत लांबच्या गटापासून. गट एकेका रोधात गुंडाळत बॅटरीपर्यंत या, एकूण धारा काढा, आणि मग त्याच वाटेने उलट जात प्रत्येक भागाचं व्होल्टेज आणि धारा उलगडा. मुलं पहिला टप्पा छान करतात, पण परतीचा टप्पा घाईत करतात.

एक उदाहरण पूर्ण करू. ९ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे १०० ओहमचा रोधक, त्याच्यापुढे २२० आणि ३३० ओहम समांतर.

समांतर गट: (२२० × ३३०) ÷ (२२० + ३३०) = ७२६०० ÷ ५५० = १३२ ओहम. पूर्ण परिपथ: १०० + १३२ = २३२ ओहम. एकूण धारा: ९ ÷ २३२ = ०.०३८८ अँपिअर, म्हणजे ३८.८ मिलिअँपिअर. इथे पूर्ण व्होल्टेजला पूर्ण रोधाने भागलं, म्हणजे तिन्ही राशी एकाच भागाच्या आहेत.

आता परत फिरा. १०० ओहमवरची घट ०.०३८८ × १०० = ३.८८ व्होल्ट. समांतर गटाला उरले ९ − ३.८८ = ५.१२ व्होल्ट. २२० ओहममधून ५.१२ ÷ २२० = २३.३ मिलिअँपिअर, ३३० मधून ५.१२ ÷ ३३० = १५.५ मिलिअँपिअर. बेरीज ३८.८. जुळलं.

कोणी २२० ओहमची धारा काढताना ९ ÷ २२० केलं असतं तर ४०.९ मिलिअँपिअर आली असती. म्हणजे एका फांदीतून बॅटरीच्या एकूण धारेपेक्षाही जास्त! असं उत्तर अशक्य आहे. बेरीज जुळवून पाहायची सवय असेल तर ते वहीत राहूच शकत नाही.

किलोओहम आणि मिलिअँपिअरमध्ये गोंधळ होतो. काही सोपी वाट?

व्होल्टला किलोओहमने भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं. ५ व्होल्ट, २.२ किलोओहम: ५ ÷ २.२ = २.२७ मिलिअँपिअर. मेगाओहमने भागलं तर मायक्रोअँपिअर. शून्यं मोजत बसावं लागत नाही.

दुकानात ४५० ओहमचा रोधक मिळतच नाही. का?

रोधक ठरावीक मूल्यांत बनतात. सगळ्यात प्रचलित मालिका १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांच्या दहापटी अशी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ४७० मागा, लगेच मिळेल. पाठ्यपुस्तकातले ४, ६, १२ ओहम हे गणित सुटसुटीत व्हावं म्हणून निवडलेले असतात.

मूल्य रंगपट्ट्यांवरून वाचतात: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकावर पहिले दोन रंग अंक देतात, तिसरा पुढची शून्यं, चौथा अचूकता. पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी म्हणजे ४७० ओहम, पाच टक्के कमी-जास्त. तो प्रत्यक्षात ४४६.५ ते ४९३.५ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. तेव्हा मोजलेली धारा काढलेल्या धारेपेक्षा दोन-चार टक्के वेगळी आली तर गणित चुकलं असं समजू नका.

एलईडीसाठी रोधक कसा ठरवायचा?

एलईडीला ओहमचा नियम लागू होत नाही. तिच्यावरचं व्होल्टेज जवळजवळ ठरलेलं असतं: लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट, निळ्या किंवा पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज थोडंसं वाढवलं तरी धारा भराभर वाढते, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडली तर एलईडी जळते. धारेला आवर घालायचं काम रोधकाचं.

म्हणून नियम रोधकाला लावायचा, एलईडीला नाही. ९ व्होल्टमधून एलईडीचे २ वजा केले की रोधकाच्या वाट्याला ७ व्होल्ट येतात. १५ मिलिअँपिअर धारा हवी असेल तर ७ ÷ ०.०१५ = ४६७ ओहम, बाजारातला ४७० चालेल. ९ ÷ ०.०१५ असं करणाऱ्याला ६०० ओहम मिळतात आणि एलईडी अपेक्षेपेक्षा मंद पेटते. याच ४७० ओहमवर पांढरी एलईडी लावली तर ६ ÷ ४७० म्हणजे जेमतेम १२.८ मिलिअँपिअर धारा मिळेल.

रोधकाचं वॉटेजही बघा: ७ × ०.०१५ = ०.१ वॉट. नेहमीचा पाव वॉटचा रोधक पुरतो. काढलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा रोधक घ्यावा असं माझं मत आहे. मग तो हाताला चटका देण्याइतका तापत नाही.

बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजला तर वेगळाच येतो. मीटर बिघडलाय का?

मीटर बरोबर आहे. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब २३० व्होल्टवर ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ८८० ओहम. थंड असताना मोजला तर साठ-सत्तर ओहमच्या आसपास दिसतो. टंगस्टनची तार पेटल्यावर २५०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. नियमातली तापमान कायम असण्याची अट इथे मोडते. बटण दाबल्याच्या क्षणी तार थंड असते, तेव्हा क्षणभर कितीतरी जास्त धारा जाते. जुने बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, याचं हे मोठं कारण.

शाळेच्या प्रयोगातही हेच लहान प्रमाणात घडतं. विभवांतर आणि धारा यांचा आलेख सरळ रेषेत यायला हवा, पण कळ सतत दाबून ठेवली तर नायक्रोमऐवजी (हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू, तापला तरी त्याचा रोध फार बदलत नाही) दुसरी एखादी तार असल्यास ती तापते आणि शेवटचे बिंदू वाकतात. वाचन घेण्यापुरतीच कळ लावा आणि मध्ये तारेला थंड होऊ द्या. वाकलेले बिंदू खोडरबराने सरळ रेषेवर आणू नका. ते का वाकले हे वहीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोग जास्त समजलेला असतो.

गीझरच्या बाबतीत? तो तर तापतोच.

गीझरचं एलिमेंट नायक्रोमचं असतं आणि तापमानाने त्याचा रोध फार बदलत नाही, म्हणून हिशेब चांगला जमतो. २००० वॉट, २३० व्होल्ट: धारा ८.७ अँपिअर, रोध २६.५ ओहम. म्हणूनच त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. गावाकडे व्होल्टेज २०० वर घसरलं तर धारा ७.६ अँपिअर होते आणि शक्ती १५०० वॉटच्या आसपास येते. व्होल्टेज १३ टक्क्यांनी कमी झालं, पण उष्णता जवळपास पाव भागाने घटली, कारण व्होल्टेज आणि धारा दोन्ही एकदम उतरले.

घरचा पुरवठा एसी असला तरी शुद्ध रोधाच्या उपकरणांसाठी २३० हे प्रभावी मूल्य घेऊन हाच नियम चालतो. पंखा आणि पंप यांच्या मोटरींना तो इतक्या सरळपणे लावता येत नाही.

बॅटरीचं व्होल्टेज जोडल्यावर कमी का दिसतं?

बॅटरीच्या आतही रोध असतो. नवीन अल्कलाइन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरू. १.५ व्होल्टच्या अशा सेलला १ ओहम जोडला तर धारा १.५ ÷ १.२ = १.२५ अँपिअर, आणि बाहेर मिळतात १.२५ व्होल्ट. उरलेला पाव व्होल्ट सेलच्या आतच जातो. त्याच सेलला १०० ओहम जोडला तर आतली घट नगण्य. सेल जुना होतो तसा हा रोध वाढत जातो, म्हणून मल्टिमीटरवर १.४ दाखवणारा सेल टॉर्चमध्ये टाकल्यावर मान टाकतो.

या प्रश्नाशी गिओर्ग सिमोन ओहम यांची स्वतःचीच गोष्ट जोडलेली आहे. कोलोनमध्ये शाळेत शिकवत असताना १८२५ साली त्यांनी व्होल्टाच्या प्रकारची बॅटरी वापरून मोजमापं केली, पण तिचं व्होल्टेज स्थिर राहीना आणि निघालेलं सूत्र चुकीचं ठरलं. मग भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांचं तापयुग्म (दोन धातूंचे जोड, त्यांच्या तापमानातल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं) घेतलं: एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं ठाम, म्हणून व्होल्टेजही ठाम. १८२६ मध्ये त्यांना मिळालेल्या सूत्रात छेदस्थानी दोन पदांची बेरीज होती: तपासायच्या तारेची लांबी आणि उरलेल्या परिपथासाठीचा एक स्थिरांक. म्हणजे पूर्ण परिपथाचा हिशेब नियमात पहिल्यापासूनच होता. १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, जर्मनीत ते थंडपणे स्वीकारलं गेलं, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिलं. हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध त्याआधी काही दशकं सापडला होता, पण त्यांनी तो छापला नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणं १८७९ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा जगाला ते कळलं.

वायरचा रोध शून्य धरतो, ते बरोबर आहे का?

ब्रेडबोर्डवर बरोबर आहे. लांब वायर आणि जास्त धारा असेल तर नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम. शेतातल्या खोलीवर १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीपासून २० मीटर लांब ४ ओहमचा भार असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर वायर, म्हणजे ०.६९ ओहम. धारा १२ ÷ ४.६९ = २.५६ अँपिअर, आणि भाराला मिळतात जेमतेम १०.२ व्होल्ट. परतीची वायर मोजायला विसरू नका. उपाय जाड वायर किंवा जवळ ठेवलेली बॅटरी.

मल्टिमीटरने धारा मोजताना काय सांभाळायचं?

परिपथ एका ठिकाणी तोडायचा आणि मीटर त्या फटीत एकसर बसवायचा. धारेच्या स्थितीतला मीटर जवळजवळ शून्य रोधाचा असतो, त्यामुळे तो बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर थेट शॉर्ट होतो. बऱ्याच स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेला फ्यूजही नसतो.

मला मात्र दुसरी पद्धत जास्त आवडते: माहीत असलेल्या रोधकावरचं व्होल्टेज मोजा आणि भागाकार करा. काही तोडावं लागत नाही. रोधक मेगाओहममधला असेल तर मात्र सावध. ९ व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रोधक एकसर असतील तर एकावर ४.५ व्होल्ट दिसायला हवेत, पण मीटरचा स्वतःचा १० मेगाओहम रोध समांतर येतो आणि वाचन ४.२९ दिसतं.

रोध मोजताना वीज बंद हवी आणि रोधकाचं एक टोक सुटं हवं, नाहीतर शेजारच्या वाटाही मोजल्या जातात.

शरीरातून किती धारा जाईल हे याच नियमाने काढता येतं का?

अंदाज येतो, भरवसा नाही. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, ओल्या त्वचेचा हजारच्या आसपासही उतरू शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. घरात बसवतात ते आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडतं, यावरून २३० किती जीवघेणे आहेत ते समजा. सगळे प्रयोग सेलवर करा. भिंतीतल्या सॉकेटवर एकही नाही.

दोन बॅटऱ्या असतील आणि एकसर-समांतर असं काही ओळखू येत नसेल तर?

तिथे किरचॉफचे नियम लागतात. गुस्ताव किरचॉफ यांनी ते १८४५ मध्ये मांडले, तेव्हा ते क्योनिग्सबर्गमध्ये शिकत होते आणि २१ वर्षांचे होते. जोडबिंदूत येणाऱ्या धारांची बेरीज जाणाऱ्या धारांच्या बेरजेइतकी, आणि बंद वळशातल्या व्होल्टेजची बैजिक बेरीज शून्य. प्रत्येक रोधकाला लावायचा तो ओहमचाच नियम.

समजा ९ व्होल्टची बॅटरी १०० ओहममधून आणि ६ व्होल्टची बॅटरी दुसऱ्या १०० ओहममधून एकाच बिंदूला जोडली आहे, आणि त्या बिंदूपासून २०० ओहमचा भार दोन्ही बॅटऱ्यांच्या सामाईक ऋण टोकाला जातो. त्या बिंदूचं विभव क्ष व्होल्ट मानू. मग

(९ − क्ष) ÷ १०० + (६ − क्ष) ÷ १०० = क्ष ÷ २००

दोन्ही बाजूंना २०० ने गुणलं की ३० − ४क्ष = क्ष, म्हणून क्ष = ६ व्होल्ट. भारातून ६ ÷ २०० = ३० मिलिअँपिअर, ९ व्होल्टच्या बॅटरीतून ३ ÷ १०० = ३० मिलिअँपिअर. ६ व्होल्टच्या बॅटरीतून शून्य, कारण तिच्या १०० ओहमच्या दोन्ही टोकांना ६ व्होल्टच आहेत. बॅटरी चांगली आहे, जोडणी पक्की आहे, आणि तरी ती काहीच देत नाही. भाराचा रोध २०० ऐवजी १०० करून पाहा: क्ष ५ व्होल्टवर येतो आणि तीच बॅटरी १० मिलिअँपिअर देऊ लागते.